उंदरांच्या रंगातून रक्ताच्या आजाराकडे

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते. घोंगड्यांसाठी ती जितकी प्रसिद्ध तितकीच जनावरांच्या बाजारासाठी. बैल घ्यायला आलेला शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, दोन पावले चालवून बघतो. पण नजर आधी जाते ती रंगावर. शेळी घेताना, अंडी घालायला गावठी कोंबडी निवडताना तेच होते. अंगावरच्या रंगावरून आतल्या वाणाचा अंदाज येतो, हा त्यामागचा जुना समज. त्यातला बराच भाग नुसता समजच आहे. पण रंगामागे न दिसणारे काही दडलेले असते आणि ते एखाद-दुसऱ्या पिढीत अचानक बाहेर येते, एवढे मात्र खरे. या दडलेल्या गोष्टीचा हिशेब ज्यांनी आयुष्यभर मांडला आणि तो उंदीर-गिनीपिगांपासून माणसाच्या रक्तापर्यंत नेला, ते शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. जन्म इंग्लंडचा, अखेर मात्र भारतीय नागरिक म्हणून भुवनेश्वरला झाली.

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. घरात त्यांना जॅक म्हणत. वडील जॉन स्कॉट हाल्डेन शरीरक्रिया विज्ञानातले नावाजलेले संशोधक. कोळशाच्या खाणीत कामगार कोणत्या वायूने गुदमरतात, हे शोधण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत आणि मुलालाही बरोबर नेत. एकदा खाणीत त्यांनी जॅकला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले एक भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच वेळात धाप लागून मुलगा खाली कोसळला. जमिनीलगत पडल्यावर त्याला बरे वाटू लागले, कारण तो वायू हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे साचलेला होता. आजच्या पालकांना हे ऐकून घाम फुटेल. पण शरीर ही प्रयोग करण्याची जागा आहे आणि पहिला प्रयोग स्वतःवर करायचा असतो, हा धडा त्या मुलाने जन्मभरासाठी उचलला.

दुसरा धडा आठव्या वर्षी मिळाला. मेंडेल या पाद्र्याने वाटाण्यावर केलेले प्रयोग पस्तीस-एक वर्षे धूळ खात पडले होते. ते १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. पुढच्याच वर्षी वडिलांनी जॅकला डार्बिशर नावाच्या संशोधकाच्या व्याख्यानाला नेले. डार्बिशर रंगीत आणि पांढऱ्या उंदरांचा संकर करत होते. पांढरा आणि रंगीत उंदीर यांची पिल्ले सगळी रंगीत निघतात आणि त्या पिल्लांच्या पिल्लांत चारातले एक पुन्हा पांढरे निघते, हा खेळ मुलाच्या मनात बसला.

धाकटी बहीण नाओमी हिला घोड्यांची ॲलर्जी होती, म्हणून तिने गिनीपिग पाळले. ही नाओमी पुढे नाओमी मिचिसन या नावाने मोठी लेखिका झाली. सुट्टीत घरी आलेल्या भावाने तिच्या छंदाचे शास्त्र करून टाकले. कोणत्या रंगाची मादी, कोणत्या रंगाचा नर, पिल्ले किती आणि कशी, याची वही सुरू झाली. घराच्या हिरवळीवर सुमारे तीनशे गिनीपिग नांदू लागले. भाऊ-बहिणींच्या अशा उद्योगांना घरोघर ओरडा बसतो. या घरात तो संशोधनात जमा झाला.

पुढे गिनीपिगांची जागा उंदरांनी घेतली. डार्बिशर यांनी छापलेले आकडे वाचताना हाल्डेन यांच्या लक्षात आले की अंगाचा रंग पूर्ण घालवणारे जनुक आणि डोळे गुलाबी व रंग फिका करणारे जनुक ही दोन एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जात नाहीत, त्यांचे काहीतरी साटेलोटे आहे. दुसऱ्याच्या आकड्यांवर बोलू नये, स्वतःचे उंदीर मोजावेत, असा सल्ला मिळाला. मग हाल्डेन, त्यांचा मित्र स्प्रंट आणि नाओमी यांनी उंदीर वाढवून पिल्ले मोजायला घेतली.

जनुकांचे हे साटेलोटे म्हणजे काय, ते आसनगावच्या फलाटावर उभे राहून समजून घेता येईल. गुणसूत्र म्हणजे एक गाडी आणि जनुके म्हणजे तिच्या डब्यांतले प्रवासी असे धरा. आई-वडिलांकडून आलेल्या जोडीतल्या दोन गाड्या बीजपेशी तयार होताना एकमेकींजवळ येतात, कुठेतरी तुटतात आणि डब्यांची अदलाबदल करून पुन्हा जोडल्या जातात. शेजारच्या डब्यांतले प्रवासी अशा अदलाबदलीतही बहुधा एकत्रच राहतात. पहिल्या आणि शेवटच्या डब्यातले सहज वेगळे होतात. किती वेळा वेगळे झाले हे मोजले की त्यांच्यातले अंतर कळते. सस्तन प्राण्यांत दोन जनुके अशी एकाच गाडीत बसलेली आहेत, हे उंदरांच्या रंगावरून पहिल्यांदा दाखवले गेले. निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत पहिले महायुद्ध पेटले होते. हाल्डेन ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी म्हणून खंदकात होते आणि स्प्रंट लढाईत मारला गेला होता. निबंधावर नाव असलेल्या तिघांपैकी एक जण तो छापलेला पाहायला उरला नव्हता.

हीच दोन जनुके माणसातही आहेत. त्यांतल्या एकात बिघाड झाला तर जन्मतः केस पांढरे, कातडी फिकी, डोळे उजेडाला दिपणारे आणि बुबुळे सारखी हलणारी असे मूल जन्माला येते. याला वर्णकहीनता म्हणतात. हे कोड नव्हे, संसर्ग तर मुळीच नव्हे. अशा मुलाला टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा आणि वर्गात पहिल्या बाकावर जागा लागते. त्याऐवजी अनेकदा वाट्याला येतात त्या आईबद्दलच्या शंका. आई-वडील दोघेही सावळे असताना मूल असे कसे, याचे उत्तर डार्बिशरच्या उंदरांत आहे. दोघांकडेही रंगाचे एक चांगले आणि एक बिघडलेले जनुक असते. चांगले एक असले की रंगाचे काम भागते, म्हणून दोघेही निरोगी दिसतात. बिघडलेली दोन्ही नेमकी एका मुलात एकत्र आली की रंग नाहीसा होतो. दोष द्यायचाच असेल तर तो निम्मा-निम्मा वाटून घ्यावा लागेल.

युद्धात जखमी झाल्यावर हाल्डेन यांना भारतात पाठवले गेले. हा देश त्यांना आवडला, पण राज्यकर्त्यांच्या गणवेशात इथे परत यायचे नाही असे त्यांनी ठरवले. ते येणे पुढे चाळीस वर्षे लांबले. मधल्या काळात त्यांनी केंब्रिजला जीवरसायनशास्त्र आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जनुकशास्त्र शिकवले. त्यांच्याजवळ विज्ञानाची पदवी नव्हती. शिक्षण गणित आणि ग्रीक-लॅटिनचे. बहुधा त्यामुळेच प्राण्यांकडे पाहताना त्यांना समीकरणे दिसत. इंग्लंडमध्ये कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळी पडली, तसे एका जातीचे पांढुरके पतंग मागे पडून काळे वाढले. मँचेस्टरजवळ १८४८ मध्ये काळा पतंग पहिल्यांदा नोंदला गेला आणि पन्नासेक वर्षांत जवळपास सगळे पतंग काळे झाले. एवढ्या वेगासाठी काळ्या पतंगांची मागे उरणारी संतती पांढऱ्यांच्या साधारण दीडपट असली पाहिजे, असे हाल्डेन यांनी १९२४ मध्ये कागदावर काढले. निसर्गातली निवड अशी आकड्यांत पकडण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. १९२७ मध्ये त्यांनी उंदीर, ससे, गिनीपिग, कुत्री, मांजरे यांच्या रंगांच्या जनुकांची तुलना करणारा मोठा निबंध लिहिला. वेगवेगळ्या प्राण्यांत रंग ठरवणारी यंत्रणा मूळ एकच दिसते, हा त्याचा गाभा होता.

यंत्रणा एक असते म्हणजे काय, याचे आजचे उदाहरण मोठ्या शहरांत हौसेने पाळल्या जाणाऱ्या एका सरड्यात सापडते. ऑस्ट्रेलियातला हा सरडा गळ्याखालची काटेरी कातडी दाढीसारखी फुगवतो, म्हणून त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. मूळ रंग मातकट. पण पैदास करणाऱ्यांनी लाल, केशरी, पिवळे, पांढरे, नक्षी नसलेले असे वाण तयार केले. ऑस्ट्रेलियाने वन्यजीवांच्या निर्यातीवर फार पूर्वी बंदी घातल्याने बाहेरच्या जगातले हे सरडे मूळच्या थोड्याच जनावरांची प्रजा आहेत आणि आवडता रंग टिकवायला पुन्हा पुन्हा नात्यातच जोड्या लावल्या जातात. त्यांत एक वाण लहान खवल्यांचा आहे. कातडी गुळगुळीत असल्याने त्याचा रंग अधिक उठून दिसतो, किंमतही चढते. हे एका जनुकाचे काम. पण असे दोन सरडे एकत्र आणले तर सरासरीने चारातल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळते आणि त्याच्या अंगावर खवलेच येत नाहीत. कातडी रेशमासारखी मऊ, दिसायला सुंदर. पण ती सहज फाटते, पाणी लवकर उडून जाते, कात नीट पडत नाही. काही जण असे पिल्लू मुद्दाम काढतात आणि विकतात. ही हौस क्रूर आहे, दुसरा शब्द नाही.

खवले घालवणारे हे जनुक शास्त्रज्ञांनी अलीकडे ओळखले. त्याच जनुकातल्या बिघाडाने माणसात घाम न येणारी, विरळ केसांची, मोजक्याच दातांची मुले जन्मतात. चार्ल्स डार्विन यांनी सिंधमधल्या अशा एका हिंदू कुटुंबाची नोंद केली होती. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना हा त्रास होता. मुली स्वतः चांगल्या राहून तो आपल्या मुलांना देत. एप्रिल-मे महिन्यात वारंवार ताप येणारे, पण अंगाला घामाचा थेंब नसलेले बाळ दवाखान्यात आले तर त्याच्या हिरड्या आणि केस जरूर पाहावेत. ताप औषधाने नव्हे, ओल्या कपड्याने उतरतो.

रंगाच्या या वाटेने हाल्डेन माणसाच्या आजारांकडे वळले. १९३७ मध्ये ज्युलिया बेल यांच्याबरोबर त्यांनी दाखवले की रक्त न गोठण्याचा आजार आणि रंगांधळेपणा यांची जनुके एकाच गाडीत जवळजवळ बसलेली आहेत. माणसातले असे हे पहिलेच नाते. त्या काळी युरोप-अमेरिकेत सदोष माणसांची नसबंदी करून वंश सुधारण्याचे वारे होते. हाल्डेन यांनी त्यातले गणितच उघडे पाडले. समजा, दोन्हीकडून जनुक मिळाल्यावरच होणारा एखादा आजार दहा हजारांत एकाला आहे. मग तेच जनुक एकेरी घेऊन निरोगी हिंडणारी माणसे दहा हजारांत जवळपास दोनशे असतात. आजारी माणसाकडे दोन बिघडलेली जनुके, निरोगी दिसणाऱ्यांकडे सुमारे एकशे अठ्ठ्याण्णव. आजाऱ्याला शिक्षा करून जनुक संपत नाही, फक्त एका माणसावर अन्याय होतो.

मग प्रश्न उरतो, अशी घातक जनुके एखाद्या भागात इतकी वाढतात कशी? भूमध्य समुद्राच्या काठी थॅलेसेमियाचे प्रमाण मोठे होते. दोन्हीकडून जनुक मिळालेली मुले लहानपणीच दगावत. तरी जनुक कमी होत नव्हते. एका परिषदेत मांडून १९४९ मध्ये छापलेल्या निबंधात हाल्डेन यांनी सुचवले की एकेरी जनुकाच्या माणसाच्या लहानशा तांबड्या पेशी मलेरियाच्या जंतूला मानवत नसाव्यात. म्हणजे ज्या जनुकाने एका मुलाचा जीव घेतला, त्यानेच त्याच्या भावंडांना तापातून वाचवले. पाच वर्षांनी पूर्व आफ्रिकेत काम करताना ॲलिसन यांनी सिकलसेलच्या बाबतीत नेमके हेच दाखवून दिले.

हा निबंध शहापूर-मुरबाडच्या वाचकाला परका वाटू नये. भातसा, तानसा, काळू या नद्यांच्या खोऱ्यांतली जंगले आणि पाणथळ जागा पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या. राज्याच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात आदिवासी जिल्ह्यांबरोबर ठाण्याचाही समावेश आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदलतो आणि प्राणवायू कमी पडला की गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची १० ते २० दिवसांत मोडते. त्यातून रक्त कमी होणे, कावीळ, हातापायाच्या हाडांत असह्य कळा, वारंवार जंतुसंसर्ग. लहान मुलाचे हात-पाय दुखून सुजले की मुका मार किंवा बाहेरचे काही समजून दिवस घालवले जातात. त्यापेक्षा भरपूर पाणी पाजून, ऊब देऊन लगेच रुग्णालयात आणलेले बरे. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया, लसी यांनी ही मुले आज शाळा-कॉलेज करून मोठी होतात.

यात सर्वात जास्त गैरसमज वाहकाबद्दल आहे. तपासणीत वाहक निघालेली व्यक्ती आजारी नसते. ती शेतात राबते, बाळंतपणे करते, म्हातारी होते. तिचे पूर्वज मलेरियातून ज्या जनुकाच्या आधाराने तगले, त्याची ती धनी आहे. अडचण येते ती दोन वाहकांचे लग्न झाले तर; आणि तेव्हाही प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता चारात एक, वाहकाची चारात दोन, पूर्ण मुक्त मुलाची चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब होत नाही; दर वेळी फासे नव्याने पडतात. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न होते तेव्हा दोघांकडे एकच दडलेले जनुक असण्याचा संभव वाढतो. पत्रिका जुळवण्याआधी रक्ताची एक साधी तपासणी केली तर हे आधीच कळते. लग्न झालेलेच असेल तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी करता येते, म्हणून नाव लवकर नोंदवायचे. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डावर वाहक लिहिलेले पाहून सून माहेरी पाठवणे, हा त्या तपासणीचा अपमान आहे.

हाल्डेन यांचे सगळेच हिशेब बरोबर आले असे नाही. ते कट्टर कम्युनिस्ट होते. सोव्हिएत रशियात लायसेंको नावाच्या माणसाने जनुकशास्त्रच खोटे ठरवले, खऱ्या शास्त्रज्ञांना तुरुंगात जावे लागले; तेव्हा हाल्डेन यांनी स्पष्ट विरोध करायला फार उशीर केला. जनुकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाचे हे मौन त्यांच्या चाहत्यांनाही आजवर खुपते. अखेर १९५०च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले.

१९५७ मध्ये, सुएझच्या युद्धावरून इंग्लंड सरकारचा निषेध करत, ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम सुरू केले. अंगात सुती कुडता, जेवण शाकाहारी. महागड्या यंत्रांशिवायही चांगले संशोधन होते, फक्त बारकाईने पाहायला आणि मोजायला हवे, हे त्यांनी इथल्या तरुणांना पटवले. मुंबईचे सुरेश जयकर त्यांच्याबरोबर जनुकांच्या गणितावर निबंध लिहीत आणि टिटवीच्या घरट्यांवर नजर ठेवून नोंदीही करत. कृष्णराव द्रोणमराजू यांनी आंध्रातल्या नात्यातल्या लग्नांचा अभ्यास केला. पुढे संस्थेशी बिनसले आणि १९६२ मध्ये हाल्डेन भुवनेश्वरला गेले. ओडिशाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांनी तिथे त्यांना प्रयोगशाळा उभारायला मदत केली.

१९६३ च्या शरद ऋतूत अमेरिकेत असताना त्यांना शौचावाटे रक्त जाताना दिसले. निदान गुदाशयाच्या कर्करोगाचे. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, पोटावर शौचासाठी नवी वाट काढावी लागली. रुग्णालयाच्या खाटेवरून त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहून छापून आणली. रक्त दिसताच लाज न धरता डॉक्टरांकडे जा, हे लोकांना सांगणे हा तिचा हेतू होता. शौचातले रक्त मूळव्याध म्हणून वर्षानुवर्षे झाडपाल्यावर ठेवणारे रुग्ण आजही कमी नाहीत. चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसले, शौचाची सवय बदलली, वजन उतरू लागले, तर बोटाने होणारी दोन मिनिटांची तपासणी टाळू नये.

शस्त्रक्रियेनंतर सगळे ठीक असल्याचा निर्वाळा घेऊन ते भुवनेश्वरला परतले, पण आजार पसरला होता. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.